काळा प्लग काय सांगतो?

चंदनसार हे विरार स्टेशनच्या पूर्वेकडचे गाव. स्टेशनकडून महामार्गाकडे जाणारा रस्ता गावातूनच जातो, त्यामुळे इथल्या मुलांना गॅरेज, प्लग, पाना हे शब्द पाठ्यपुस्तकाच्या आधीच ठाऊक होतात. समुद्र मात्र पश्चिमेला, रेल्वेच्या पलीकडे. तरीही एका सोमवारी नववीच्या वर्गात बोटीचे इंजिन येऊन दाखल झाले. म्हणजे अख्खे इंजिन नव्हे, वर्तमानपत्रात गुंडाळलेले सहा स्पार्क प्लग.

मुलाचे आजोळ अर्नाळ्याचे. त्याच्या मामांची लहान होडी आहे आणि तिला मागच्या बाजूस आउटबोर्ड, म्हणजे बाहेरून टांगलेले, दोन सिलिंडरचे जुने टू-स्ट्रोक इंजिन आहे. ते इंजिन वैतरणेच्या मुखाशी, नेमके ओहोटीच्या ओढीत, फडफड करून बंद पडले होते. त्या दिवशी वल्ह्यांवर निभावले. पण खाडीच्या तोंडाशी ओढ असते, वाळूचे पट्टे असतात. रस्त्यात बंद पडलेली स्कूटर आपण ढकलत घरी आणतो, तशी होडी ढकलता येत नाही.

"सर, मामाने तीन वेळा प्लग बदलले. नवे घातले की चार दिवस बरे चालते, मग पुन्हा तेच," मुलाने सांगितले. सहाही प्लग काळेकुट्ट होते. त्यांतला कोणता कोणत्या सिलिंडरचा, हे मात्र कोणालाच सांगता येईना. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचे काम पडणार आहे.

प्लग तीन वेळा बदलूनही दोष परत येतो, याचा अर्थ काय? दोष प्लगमध्ये नाही, प्लगवर फक्त त्याची खूण उमटते आहे. हा प्लग गुन्हेगार नाही, साक्षीदार आहे. त्याची साक्ष कशी काढायची ते पाहू या.

सगळ्या बोटींना प्लग नसतो

आधी एक शंका दूर करू. वसईपासून डहाणूपर्यंतच्या बंदरांत दिसणाऱ्या मोठ्या मासेमारी बोटींची इंजिने डिझेलवर चालतात आणि त्यांत स्पार्क प्लग नसतोच. डिझेल इंजिनात हवा इतकी दाबली जाते (साधारण सोळा ते वीस पटींनी) की तिचे तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या वर जाते. त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा सोडला की ते आपोआप पेटते. पेट्रोल इंजिनात असे चालत नाही. तिथे पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण ठरलेल्या क्षणी पेटवावे लागते आणि ते काम ठिणगी करते. लहान होड्यांच्या आउटबोर्ड इंजिनांपैकी बरीचशी या दुसऱ्या जातीची असतात.

अर्ध्या-पाऊण मिलिमीटरची उडी

एखादा जुना प्लग हातात घ्या. मधोमध एक धातूची कांडी दिसते, तिच्याभोवती पांढरा विद्युतरोधक आणि त्याबाहेर आटे असलेले धातूचे कवच. हा पांढरा भाग चिनी मातीसारखा दिसला तरी तो मुख्यतः अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा असतो. कवचाला खालच्या टोकाशी एक वाकडी पट्टी जोडलेली असते. मधली कांडी आणि ही पट्टी यांच्यात साधारण ०.६ ते १ मिलिमीटर फट असते. ठिणगी उडते ती याच फटीत.

मोकळ्या हवेत १ मिलिमीटर अंतर ओलांडायला सुमारे ३,००० व्होल्ट पुरतात. पण सिलिंडरमध्ये ठिणगी उडण्याच्या क्षणी मिश्रण दाबलेले असते. वायू दाटलेला असला की त्यातील इलेक्ट्रॉनांना वेग घ्यायला मोकळी वाट कमी मिळते, ते वाटेतच रेणूंवर आपटत राहतात. म्हणून तेवढ्याच फटीसाठी कितीतरी जास्त, दहा-पंधरा हजार किंवा त्याहूनही अधिक व्होल्ट लागतात. एक व्यावहारिक निष्कर्ष इथेच निघतो. बाहेर काढलेल्या प्लगची ठिणगी दिसली म्हणजे तो सिलिंडरच्या आतही ठिणगी देईलच, असे नाही. बाहेरची परीक्षा सोपी असते, आतली कठीण.

शिवाय हे काम एकदाच करायचे नसते. टू-स्ट्रोक इंजिनात दर फेऱ्याला एक ठिणगी लागते. मिनिटाला ४,५०० फेरे असतील, तर प्रत्येक सिलिंडरला सेकंदाला ७५ ठिणग्या. १९०२ साली जर्मनीत रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाची विद्युत देणारा मॅग्नेटो आणि त्याच्या जोडीचा प्लग तयार केला. तेव्हापासून प्लगची मूळ रचना फारशी बदललेली नाही.

काजळी म्हणजे गळती

काळा थर ठिणगीला नेमका कसा अडवतो? 'कचरा फटीत अडकतो' हे उत्तर आपण नेहमी ऐकतो. कधीकधी ते खरेही असते. पण बहुतेक वेळा फट मोकळीच असते, थर असतो तो विद्युतरोधकाच्या नाकावर. तिथे काय घडते ते वर्गात सहज दाखवता येते.

कागदावर मऊ (४बी किंवा ६बी) पेन्सिलीने सुमारे १ सेंटिमीटर लांब, अर्धा सेंटिमीटर रुंद पट्टा काढा आणि तो पुन्हा पुन्हा गिरवून गडद करा. ९ व्होल्टची बॅटरी, एक एलईडी आणि हा पट्टा एकामागोमाग एक जोडा. तारांची टोके पट्ट्याच्या दोन टोकांवर घट्ट दाबा आणि खोलीत थोडा अंधार करा. एलईडी मंद उजळतो. पेटला नाही तर एलईडी उलटा जोडून पाहा. (एलईडी थेट बॅटरीला मात्र जोडू नका, तो जळेल. इथे पट्टाच रोधाचे काम करतो आहे.) कागद तर विद्युतरोधक आहे, मग धारा गेली कुठून? पेन्सिलीतल्या ग्राफाइटमधून, म्हणजेच कार्बनमधून. आता पट्टा पुसून त्या जागी मिठाच्या पाण्याची ओली रेघ ओढा. एलईडी पुन्हा पेटेल. कार्बन आणि खारे पाणी, होडीच्या प्लगचे दोन्ही वैरी या एका प्रयोगात भेटतात.

प्लगच्या पांढऱ्या नाकावर काजळीचा सलग थर बसला की मधल्या कांडीपासून कवचापर्यंत अशीच एक रेघ तयार होते. विजेला आता फट ओलांडून उडी मारायची गरज उरत नाही, ती काजळीवरून चालत निघून जाते. ओहमचा नियम लावून पाहा. समजा काजळीच्या वाटेचा रोध १० लाख ओहम, म्हणजे १ मेगओहम आहे. ऐकायला हा आकडा मोठा वाटतो. पण २०,००० व्होल्टला त्यातून ०.०२ अँपिअर, म्हणजे २० मिलिअँपिअर धारा जाईल. इग्निशन कॉइलकडून मिळणारी धारा मुळातच काही दहा मिलिअँपिअरच्या घरातली असते. मिळकतीचा मोठा हिस्सा गळतीतच गेला तर शिल्लक काय राहणार? व्होल्टेज उडीच्या पातळीपर्यंत चढतच नाही आणि ठिणगी चुकते.

गळक्या बादलीची कल्पना करा. नळ बारीक असेल तर ती कधीच काठोकाठ भरणार नाही. पण हंडाभर पाणी एकदम ओतले तर गळतीला वेळच मिळत नाही, बादली क्षणभर का होईना भरून वाहते. अनेक आउटबोर्ड इंजिनांत वापरली जाणारी सीडीआय पद्धत हेच करते. ती धारित्रात साठवलेली विद्युत एकदम सोडते आणि व्होल्टेज काही मायक्रोसेकंदांत वर चढते. म्हणून थोडा काळवंडलेला प्लगही ती चालवून नेते. पण भोक फार मोठे झाले की तिचाही इलाज चालत नाही.

प्लग स्वतःला साफ ठेवतो, पण एका अटीवर

ज्वलन म्हटले की थोडीफार काजळी आलीच. मग सगळेच प्लग का बुजत नाहीत? कारण नाकाचे तापमान सुमारे ४५० ते ५०० अंशांच्या वर गेले की त्यावरचा कार्बन जळून जातो. उलट ते ८५० अंशांच्या बरेच वर गेले, तर नाक निखाऱ्यासारखे तापून ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवते आणि पिस्टनला इजा होते. प्लगला या दोन मर्यादांच्या मध्ये राहायचे असते.

म्हणून प्लग 'गरम' आणि 'थंड' अशा जातींचे मिळतात. ज्याचे पांढरे नाक लांब, त्याची उष्णता कवचापर्यंत जायला वेळ लागतो आणि तो गरम राहतो. आखूड नाकाचा प्लग लवकर थंड होतो. आट्यांत बसला म्हणून कोणताही प्लग घालणे बरोबर नाही. कंपन्यांचे आकडेही एकसारखे नसतात. एनजीकेच्या प्लगवर मोठा आकडा म्हणजे थंड प्लग, तर बॉशच्या प्लगवर मोठा आकडा म्हणजे गरम प्लग. इंजिनाच्या पुस्तिकेत दिलेला क्रमांकच घ्यावा.

आता होडीचा दिवस पाहा. जाळे टाकताना, ओढताना इंजिन बराच वेळ अगदी हळू चालते. थंड करायला समुद्राचे पाणी सतत आत येत असते. पाण्याचे प्रमाण सांभाळणारा थर्मोस्टॅट उघडा अडकला, तर इंजिन तापतच नाही. म्हणजे नाकाचे तापमान ४५० अंशांच्या खालीच रेंगाळते. त्यात टू-स्ट्रोक इंजिनात वंगणाचे तेल पेट्रोलबरोबरच आत येते आणि जळते. केरळच्या किनाऱ्यावर बरीच आउटबोर्ड इंजिने केरोसीनवर चालत आली आहेत. तिथे इंजिन पेट्रोलवर सुरू करून तापल्यावर केरोसीनवर घेतात आणि बंद करण्यापूर्वी पुन्हा थोडा वेळ पेट्रोलवर चालवतात. केरोसीनची वाफ व्हायला साधारण १५० अंशांच्या पुढचे तापमान लागते. थंड इंजिनात ते थेंबांच्या रूपातच राहते, अर्धवट जळते आणि प्लग ओला व काळा करते.

साक्ष वाचायची कशी?

प्लगचा रंग आणि ओलेपणा यांवरून साधारण असा अंदाज बांधता येतो :

१. फिकट तपकिरी किंवा राखी, कोरडा : ज्वलन ठीक आहे.

२. मखमलीसारखी कोरडी काळी काजळी : पेट्रोल जास्त, हवा कमी. चोक ओढलेला राहिला, फार वेळ संथ चालवले किंवा प्लग गरजेपेक्षा थंड जातीचा आहे.

३. काळा, ओशट, बोटाला तेल लागते : तेलाचे प्रमाण जास्त.

४. ओला, पेट्रोलचा वास : मिश्रण पेटतच नाही. ठिणगी नाही किंवा चोकमुळे पेट्रोल जास्त झाले.

५. पांढरा, फोड आल्यासारखा : फार गरम. पेट्रोल कमी पडते आहे किंवा थंड करणारे पाणी पोहोचत नाही. हे काळ्या प्लगपेक्षा धोक्याचे.

६. गंजाचे डाग, पाण्याचे थेंब, क्षाराचे कण : सिलिंडरमध्ये पाणी शिरते आहे. गॅस्केट तपासावे.

यातील चौथ्या ओळीपाशी जरा थांबा. प्लग ओला आहे म्हणून ठिणगी उडत नाही, की ठिणगी उडत नाही म्हणून प्लग ओला आहे? कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे नुसते पाहून ठरत नाही. त्यासाठी प्रयोग करावा लागतो.

तपासाचे तीन दिवस

मुलाच्या मामांना आम्ही निरोप पाठवला : पुढच्या वेळी प्लग काढाल तेव्हा एकावर 'वर' आणि एकावर 'खाली' अशी चिठ्ठी बांधा. आउटबोर्डमध्ये सिलिंडर एकाखाली एक असतात. आधीच्या सहा प्लगांवर खुणा नसल्यामुळे त्यांच्यातली अर्धी माहिती वाया गेली होती. प्रयोगशाळेत परीक्षानळ्यांवर चिठ्ठ्या लावायला आपण का सांगतो, ते मुलांना त्या दिवशी वेगळे सांगावे लागले नाही.

खूण केलेली जोडी आली. दोन्ही प्लग सारखेच काळे आणि ओशट होते. दोघांचे दुखणे एकच असेल, तर कारणही दोघांना सामायिक असणार, म्हणजे पेट्रोल, तेल किंवा चालवण्याची पद्धत. मामा तेल अंदाजाने ओतत असत. "कमी पडून इंजिन जाम व्हायला नको, म्हणून थोडे जास्तच घालतो, सर," ते म्हणाले. भीती रास्त होती, कारण तेल कमी पडले तर इंजिन खरोखरच जाम होते. आम्ही शाळेतले मोजपात्र दिले आणि त्यांचा 'अंदाज' मोजायला सांगितले. १० लिटर पेट्रोलला ते ४०० मिलिलिटरच्या आसपास तेल घालत होते, म्हणजे २५ला १. त्यांच्या इंजिनाच्या पुस्तिकेत प्रमाण होते ५०ला १, म्हणजे १० लिटरला २०० मिलिलिटर. तेल बरोबर दुप्पट होते.

प्रमाण सुधारले, नवी जोडी घातली. या वेळी साक्ष ताजी घ्यायची होती. इंजिन संथ चालवत किनाऱ्याला आणले, तर त्या पाच मिनिटांची काजळी आधीच्या सगळ्या पुराव्यावर बसते. म्हणून मोकळ्या पाण्यात, वल्ही हाताशी आणि सोबत दुसरी होडी ठेवून, इंजिन काही मिनिटे चांगल्या वेगाने चालवले, तिथेच बंद केले आणि निवल्यावर प्लग काढले. वरचा प्लग छान तपकिरी होता. खालचा काळा आणि ओला, पण आता तेलाचा नव्हे, पेट्रोलचा वास येत होता.

एक कारण दूर झाल्यावर त्यामागे लपलेले दुसरे उघडे पडले होते. आता दुखणे एकाच सिलिंडरचे होते. इथे अदलाबदलीचा प्रयोग कामी आला. दोन्ही प्लग पुसून वरचा खाली आणि खालचा वर घातला. दोष प्लगमध्ये असता, तर तो प्लगबरोबर वर गेला असता. तो खालीच राहिला. म्हणजे प्लग निर्दोष. मग दोन्ही प्लगांवरच्या टोप्यांची अदलाबदल केली. या वेळी दोष वर गेला! खालच्या प्लगची टोपी उघडली तेव्हा आतल्या पितळी स्प्रिंगवर हिरवा थर होता. खाऱ्या पाण्याने तांबे गंजल्याची ती खूण. वीज प्लगपर्यंत धड पोहोचतच नव्हती.

या प्रयोगाचे मर्म एवढेच की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मामांनी पहिल्याच दिवशी प्लग, टोपी, तेल सगळे एकदम बदलले असते तर इंजिन कदाचित सुधारलेही असते. पण का सुधारले हे कळले नसते आणि पुढच्या वेळी पुन्हा अंदाजाचीच पाळी आली असती.

काही पथ्ये

प्लग इंजिन निवल्यावरच काढावा, गरम अ‍ॅल्युमिनियममधले आटे सहज जातात. बसवताना आधी हाताने फिरवावा, मगच पाना लावावा. काजळी काढायला कठीण तारेचा ब्रश घासू नये, धातूच्या बारीक रेघा पांढऱ्या नाकावर उमटून गळतीची नवी वाट तयार होते. वाळूच्या फवाऱ्याने साफ केलेल्या प्लगमध्ये कण अडकून राहतात आणि सिलिंडरला ओरखडे पाडतात. काळा प्लग घासत बसण्यापेक्षा कारण शोधून नवा घालणे बरे. फट फीलर गेजने मोजावी. बराच वेळ संथ चालवल्यावर थोडा वेळ वेगाने चालवावे, म्हणजे नाक तापून काजळी जळून जाते. टोप्या कोरड्या ठेवाव्यात, त्यांवरचे मीठ गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसावे. होडीत एक प्लगची जोडी, पाना आणि वल्ही असलीच पाहिजेत.

आणि एक गोष्ट मुलांना आवर्जून सांगा. प्लग बाहेर काढून ठिणगी पाहण्याचा प्रकार होडीत कधीही करू नये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती होडीच्या तळाशी साचून राहते, दिसत नाही आणि एका ठिणगीने भडकते. चालत्या इंजिनाच्या टोपीला हात लावणेही तितकेच धोक्याचे.

वयाने मोठ्या शिक्षकांना आठवत असेल, टू-स्ट्रोक स्कूटरच्या काळात ती तिरकी करणे, प्लग काढणे, पॉलिश पेपरने घासणे हा सकाळचा कार्यक्रमच असे. प्लग साफ व्हायचा, स्कूटर सुरू व्हायची आणि आपण शाळेत पोहोचायचो. तो काळा का झाला, हे विचारायची वेळ क्वचितच आली, कारण रस्त्यावर बंद पडण्याची किंमत फार तर एक उशिराचा शेरा होती. खाडीच्या तोंडाशी ती किंमत वेगळी असते.

ते मोजपात्र आम्ही मामांकडून परत मागितले नाही. प्रयोगशाळेच्या नोंदवहीत त्यापुढे 'अर्नाळा येथे वापरात' असा शेरा आहे.